घारापुरीच्या किनाऱ्याने

बँकेच्या नोकरीत लेखापरीक्षणाच्या निमित्ताने मी कितीतरी वेळा मुंबईस गेलो. संध्याकाळी पाय मोकळे करण्यासाठी गेटवे ऑफ इंडियापर्यंत येई, घारापुरीहून परतणाऱ्या लाँचमधून उतरणारी माणसे पाही आणि मुक्कामी परते. तिकडे जाण्याचे मात्र कधी घडले नाही.

माझे थोरले बंधू, ज्यांना घरात सारे अण्णा म्हणतात, त्यांनी तर तेवढेही पाहिले नव्हते. जुन्या मोंढ्यातील धान्याच्या दुकानात त्यांची 50 वर्षे गेली. गेल्या दिवाळीत वहीपूजन झाल्यावर त्यांनी गल्ल्याची किल्ली मुलाच्या हाती दिली. पण सकाळी 9 ला दुकानात जाऊन बसणे काही सुटले नाही. गिऱ्हाईक भाव विचारी ते अण्णांनाच, आणि पुतण्या मान खाली घालून बिले करी. बोलत कोणीच नव्हते. माघातल्या एका सोमवारी रात्री मी त्यांना जवळजवळ ओढूनच देवगिरी एक्स्प्रेसमध्ये बसवले. सोमवारी लेणी बंद असतात, म्हणून मंगळवार गाठायचा होता.

वहिनींचा जीव धास्तावलेला होता. 18 डिसेंबर 2024 रोजी घारापुरीस निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकून अनेकांचे प्राण गेले, ते त्या विसरल्या नव्हत्या. अण्णांनी लाइफ जॅकेटचे पट्टे बांधले आणि तसा फोटो घरी पाठवला, तेव्हा कुठे घरचे फोन थांबले.

प्रवास सुमारे तासाभराचा. वरच्या मजल्यावर बसण्याचे पैसे निराळे. ते का, हे अण्णांनी दोनदा विचारून घेतले आणि मग दिले. हवा स्वच्छ, ऊन लख्ख, मागे समुद्रपक्ष्यांचा थवा. जवाहर द्वीपापाशी तेलवाहू जहाजे आणि पलीकडे न्हावा-शेवा बंदराच्या उंच क्रेन दिसू लागल्या. एका जहाजात किती पोती मावत असतील, याचा हिशेब अण्णा बराच वेळ करीत होते.

लेण्यांविषयी येथे विस्तार करीत नाही. आपण वेरूळकर शेजारी. तेथील 30 ते 34 क्रमांकांच्या जैन लेण्यांकडे जाताना वाटेत लागणाऱ्या 29 क्रमांकाच्या लेण्याची रचना आणि घारापुरीची रचना यांत विलक्षण साम्य आहे, एवढेच सांगतो. सुमारे 20 फूट उंचीच्या त्या त्रिमुखी शिवमूर्तीपुढे अण्णा नि:शब्द उभे राहिले. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला ‘एलिफंटा’ नाव दिले, तो 1864 मध्ये इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत फुटला. आज तो भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात आहे. हे ऐकून अण्णा म्हणाले, “म्हणजे माल चढवतानाच तूट!”

बहुतेक प्रवासी लेणी पाहून परत फिरतात. आम्ही मात्र पायऱ्या उतरून किनाऱ्याकडच्या वाटेला लागलो. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशी तीन गावे या बेटावर आहेत. ओहोटीची वेळ होती. खारफुटीची मुळे उघडी पडली होती, चिखलात होड्या कलंडल्या होत्या. मोराबंदराच्या बाजूस विटांचा प्राचीन स्तूप आहे. या बेटावर रोमन कुंभांची खापरे सापडली आहेत. म्हणजे आज जेथे काकडी-बोरे विकली जातात, तेथे एके काळी समुद्रापलीकडचा माल उतरत होता. अण्णांना लेण्यांपेक्षा हे अधिक भावले, असे मला वाटले.

राजबंदरात एका बाईंच्या टपरीवर ताक घेतले. अण्णांनी सवयीने चौकशी आरंभिली.

“सोमवारी काय करता, ताई?”

“बंद. पावसाळ्यातही बोटी नीट येत नाहीत. उरलेल्या महिन्यांत वर्षाचं काढायचं, बाबा.”

2018 च्या फेब्रुवारीत समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटर केबल टाकून येथे वीज आली. तोपर्यंत रात्री काही तास जनरेटरवर भागे. बाई सांगत होत्या, पूर्वी बर्फ बोटीने आणावा लागे आणि येईपर्यंत निम्मा वितळे. आता फ्रिज आहे. “आणि तो सूनच सांभाळते,” त्या म्हणाल्या, “मी नुसती ताक घुसळून देते. मध्ये बोलले की तिचं मोजणं चुकतं.”

अण्णांनी पेला खाली ठेवला. पैसे देताना त्यांनी ते बाईंच्या हाती दिले नाहीत, आत बसलेल्या सुनेच्या हाती दिले. मी काही बोललो नाही.

परतीच्या लाँचमध्ये सूर्यास्तापूर्वी डबा उघडला. खाकरा आणि मेथीची पुरी. इतक्यात पुतण्याचा फोन आला; कोणा जुन्या पार्टीला उधारीवर तूर द्यावी की नाही, असे काहीसे होते. यंत्राच्या घरघरीत अण्णा ओरडून म्हणाले, “ऐकू येत नाही, तूच बघ!” मला मात्र पलीकडचा शब्द न् शब्द ऐकू येत होता.

हल्ली अण्णा दुकानात जातात ते 11 नंतर, तेही रोज नाही. मुरुडजवळच्या राजपुरीहून जंजिऱ्याला शिडाच्या होड्या जातात, हे त्यांनीच कोठूनतरी शोधून काढले आहे. तारीख मला ठरवायला सांगितली आहे.