घड्याळांची छायाचित्रे

हातात मोबाइल फोन आल्यापासून वेळ पाहण्यासाठी मनगटाकडे नजर टाकण्याची सवय मागे पडत चालली आहे. तरीही कित्येक घरांत कपाटाच्या खणात एखादी जुनी पेटी असते आणि तिच्यात पाच-दहा मनगटी घड्याळे जपून ठेवलेली असतात. एखादे आजोबांना निवृत्तीच्या दिवशी मिळालेले असते, एखादे आजीच्या लग्नातले, तर एखादे कोणी पहिल्या पगारातून घेतलेले. अशा पेटीत ‘एचएमटी’ हे नाव बहुधा आढळतेच. हिंदुस्तान मशीन टूल्स या सरकारी कंपनीने जपानमधील सिटिझन कंपनीच्या साहाय्याने १९६१ साली बंगळूर येथे घड्याळांचा कारखाना काढला, आणि ‘जनता’, ‘पायलट’, ‘सोना’ अशी घड्याळे देशभर लोकांच्या मनगटांवर दिसू लागली. ‘जनता’च्या काही तबकड्यांवर तर हे नाव देवनागरी अक्षरांत छापलेले असे. २०१६ साली या कंपनीची घड्याळ-शाखा बंद करण्यास केंद्र सरकारने मान्यता दिली.

अशा संग्रहाची छायाचित्रे काढून ठेवणे हा केवळ हौसेचा खेळ नव्हे. जुने घड्याळ दुरुस्तीस जाते तेव्हा त्याचे सुटे भाग पुष्कळदा दुसऱ्या जुन्या घड्याळातून काढून बसवावे लागतात. कधी काटे बदलतात, कधी काच बदलते, तर कधी डागाळलेली तबकडी नव्याने रंगवली जाते. घड्याळ चालू होते, पण ते पूर्वी कसे दिसत होते हे दोन वर्षांनी कोणासही नक्की सांगता येत नाही. पुढे भावंडांत वाटणी होऊन संग्रह चार गावांत विखुरतो, किंवा एखादे घड्याळ चोरीस जाते. अशा वेळी खरे व स्पष्ट छायाचित्र हाच एक पुरावा उरतो.

परंतु घड्याळाचे छायाचित्र काढणे वाटते तितके सोपे नाही. प्रथमच हा उद्योग करणाऱ्याने चित्र निरखून पाहिले, तर त्यात घड्याळ अर्धेच दिसते. उरलेल्या जागेत खिडकीचे गज, छताचा पंखा आणि कॅमेरा धरलेला स्वतःचा हात दिसतो! याचे कारण उघड आहे. घड्याळाची काच आणि त्याच्या झिलई केलेल्या पोलादी कडा हे लहानसे आरसेच होत. जुन्या घड्याळांची काच पुष्कळदा फुगीर असते. फुगीर आरशात सारी खोली आक्रसून मावते, हे चमच्याची पाठ डोळ्यांसमोर धरून कोणासही पाहता येईल.

तेव्हा घड्याळाचे चित्र काढणे म्हणजे आरशाचे चित्र काढणे होय, आणि आरशाचा नियम येथेही लागू पडतो. भिंतीवर तिरपा फेकलेला चेंडू ज्या कोनाने आदळतो त्याच कोनाने पलीकडे उसळतो. प्रकाशाचेही तसेच आहे. म्हणून दिवा किंवा खिडकी कॅमेऱ्याच्या पाठीशी असू नये. ती घड्याळाच्या एका बाजूस असावी, म्हणजे काचेवरून परतणारा प्रकाश कॅमेऱ्यात न शिरता दुसऱ्या बाजूस निघून जातो. याची परीक्षा सोपी आहे. कॅमेऱ्याचे भिंग जेथे येणार तेथे आपला डोळा न्यावा आणि काचेत काय दिसते ते पाहावे. जे दिसेल ते तेथून हलवावे, अथवा झाकावे. कॅमेरा मात्र हलवता येत नाही. त्यासाठी काळ्या पुठ्ठ्याला भिंगापुरते भोक पाडून त्यामागे कॅमेरा ठेवतात. मग काचेत काळा पुठ्ठा तेवढा उमटतो, आणि काळ्यावरून परतणारा प्रकाश अत्यल्प असल्याने तबकडी स्वच्छ दिसते.

प्रकाश कोणता घ्यावा? भर उन्हात घड्याळ ठेवले तर काचेवर एक डोळे दिपवणारा ठिपका पडतो आणि बाकीचा भाग काळवंडतो. सौम्य, पसरलेला प्रकाश हवा. उत्तरेकडील खिडकी यासाठी उत्तम समजली जाते, कारण तिच्यातून थेट ऊन येत नाही. मात्र ही गोष्ट युरोपातील पुस्तकांत लिहिली आहे म्हणून जशीच्या तशी स्वीकारू नये. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. त्यामुळे जून महिन्याच्या आगेमागे काही आठवडे भर दुपारी सूर्य आपल्या माथ्याच्या किंचित उत्तरेस असतो, आणि सकाळ-संध्याकाळी तर उत्तरेच्या खिडकीतून ऊन चक्क आत येते. अशा वेळी खिडकीवर पांढरे धोतर किंवा चित्रकलेतील अर्धपारदर्शक कागद ताणून बांधला म्हणजे काम भागते. खिडकीच्या समोरच्या बाजूस पांढरा पुठ्ठा उभा केला, की सावलीकडील भागही उजळतो.

येथे एक गंमत आहे. चोहोबाजूंनी पांढरा कागद उभा केला तर पोलादी कडा इतक्या पांढऱ्या दिसतात, की त्या धातूच्या आहेत असे वाटतच नाही. धातूला स्वतःचे रूप थोडे आणि भोवतालचे रूप फार! म्हणून जाणकार लोक काळ्या कागदाची बोटभर रुंदीची पट्टी घड्याळाजवळ उभी करतात. तिची काळी रेघ कडेवर उमटली, की पोलाद पोलादासारखे चमकू लागते.

चित्र काढण्यापूर्वी घड्याळ स्वच्छ करावे. डोळ्यांना न दिसणारा धुळीचा कण जवळून घेतलेल्या चित्रात वाळूच्या खड्यासारखा दिसतो. रबरी पिचकारीने हवा मारावी, मऊ कुंचला फिरवावा, आणि बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून घड्याळ सुती फडक्याने धरावे. तोंडाने फुंकर घालू नये, कारण श्वासातील ओल काचेवर बसते. ओले फडके तर मुळीच नको, कारण जुन्या घड्याळांत पाणी सहज शिरते.

मागचे झाकण उघडण्याचा मोह मुलांनी आवरावा. आत नाजूक यंत्र असते, हे एक कारण झाले. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. विसाव्या शतकाच्या आरंभापासून सुमारे १९६० च्या दशकापर्यंत अंधारात चमकणाऱ्या काही तबकड्यांवर रेडियमयुक्त रंग लावीत असत. रेडियमची किरणोत्सर्गी शक्ती निम्मी होण्यास सुमारे १६०० वर्षे लागतात. चमकणारा रंग त्याच्या कितीतरी आधी खराब होतो. म्हणजे तबकडी अंधारात चमकत नसली तरी ती निर्धोक आहे, असे म्हणता येत नाही. अमेरिकेतील न्यू जर्सी येथे १९१७ सालानंतर असा रंग लावणाऱ्या तरुण कामगार मुली कुंचल्याचे टोक ओठांत धरून अणकुचीदार करीत. त्यांतील अनेकींना असाध्य व्याधी जडल्या आणि कित्येकींचा अंत झाला. झाकण बंद असलेले घड्याळ टेबलावर ठेवून चित्र काढण्यात फारशी भीती नाही. खरी भीती आहे ती उघडलेल्या घड्याळातून निघणाऱ्या धुळीची.

आता काटे जुळवावयाचे. जाहिरातींत घड्याळे नेहमी दहा वाजून दहा मिनिटे दाखवतात. ही अब्राहम लिंकन यांच्या मृत्यूची वेळ आहे, असे सांगणारे लोक भेटतात, पण ते खरे नव्हे. लिंकन यांचे देहावसान १५ एप्रिल १८६५ रोजी सकाळी सात वाजून बावीस मिनिटांनी झाले. खरे कारण साधे आहे. या स्थितीत दोन्ही काटे एकमेकांवर येत नाहीत आणि बाराच्या अंकाखालील निर्मात्याचे नाव मोकळे राहते. गणिताची आवड असणाऱ्यांनी हिशेब करून पाहावा. बरोबर दहा वाजून दहा मिनिटांनी तासकाटा बारापासून ५५ अंशांवर असतो आणि मिनिटकाटा ६० अंशांवर. दोन्ही बाजूंचे कोन खरोखर समान हवे असतील, तर दहा वाजून नऊ मिनिटे आणि सुमारे चौदा सेकंद ही वेळ लावावी लागेल. तारीख दाखवणारे घड्याळ असेल तर सकाळचे दहा लावावेत, रात्रीचे नव्हेत. पुष्कळ घड्याळांत रात्री तारीख बदलण्याची क्रिया हळूहळू सुरू होते, आणि मग खिडकीतील आकडा जागचा सरकलेला दिसतो.

लहान वस्तूचे चित्र जवळून घेतले की भिंगाची एक अडचण पुढे येते. काटे स्पष्ट आले तर पट्टा धूसर होतो. कॅमेऱ्याचे छिद्र लहान केले म्हणजे अधिक भाग स्पष्ट येतो, परंतु आत येणारा प्रकाश कमी होतो आणि झडप जास्त वेळ उघडी ठेवावी लागते. तेवढ्या वेळात हात हलल्यावाचून राहत नाही. म्हणून कॅमेरा तिपाईवर बसवावा. तिपाई नसेल तर पुस्तकांच्या चळतीवर टेकवावा, आणि कळ दाबल्यावर दोन सेकंदांनी चित्र घेण्याची सोय वापरावी. फोनने चित्र काढणाऱ्याने फोन अगदी जवळ नेऊ नये. त्याने घड्याळाचा पुढचा भाग अवास्तव फुगतो आणि फोनची सावलीही पडते. हातभर मागे सरून चित्र मोठे करून घेणे बरे.

कॅमेरा स्थिर झाला तरी सेकंदकाटा स्थिर कोठे असतो? पुष्कळ जुनी किल्लीची घड्याळे ताशी १८,००० ठोके देतात. म्हणजे सेकंदास पाच. झडप अर्धा सेकंद उघडी राहिली तर काटा दोन-तीन ठिकाणी पुसट उमटतो. काही घड्याळांत किल्ली बाहेर ओढली की तो थांबतो, पण जुन्या घड्याळांत बहुधा थांबत नाही. तेथे एकच उपाय. घड्याळाला किल्ली न देता ते आपोआप बंद पडेपर्यंत, साधारण दीड-दोन दिवस, वाट पाहावयाची.

खोलीतील दिवे या वेळी मालवावेत. दिव्याचा पिवळा आणि खिडकीचा निळसर प्रकाश मिसळला तर पांढऱ्या तबकडीचा खरा रंग कळत नाही. शिवाय कॅमेरा सर्व दृश्य मध्यम उजेडाचे समजून चालतो. त्यामुळे पांढरी तबकडी करडी आणि काळी तबकडी फिकी येते. पहिलीसाठी उजेड थोडा वाढवावा, दुसरीसाठी कमी करावा.

चित्र संगणकावर घेतल्यावर त्यावरील दोष पुसून टाकण्याची सोय असते, आणि येथेच संग्राहकाचा कस लागतो. धुळीचा कण पुसण्यास हरकत नाही, कारण तो घड्याळाचा नव्हे. पण काचेवरील ओरखडा, तबकडीवरील पिवळा डाग, पट्ट्याच्या भोकाभोवतीची झीज ही त्या घड्याळाचीच आहेत. ती पुसली तर चित्र सुंदर होईल, पण दुरुस्तीहून आलेले घड्याळ आपलेच आहे की नाही हे त्यावरून ओळखता येणार नाही. ओरखडा नीट दिसावा म्हणून बाजूने तिरपा प्रकाश टाकून एक वेगळे चित्र घेणे अधिक शहाणपणाचे.

प्रत्येक घड्याळाची किमान तीन चित्रे असावीत. एक समोरून, एक किल्लीच्या बाजूने आणि एक मागच्या झाकणाचे. झाकणावर कोरलेले क्रमांक तिरप्या प्रकाशातच वाचता येतात. वहीत प्रत्येक घड्याळास क्रमांक देऊन ते कोणाचे, कोणत्या साली घेतले, केव्हा दुरुस्त केले, हे वडील मंडळींना विचारून लिहावे. सांगणारी माणसे घरात आहेत तोवरच हे काम होण्यासारखे असते. झाकणावरील क्रमांकांची चित्रे परक्यांना पाठवू नयेत. फोनने काढलेल्या चित्रात ते कोठे काढले त्या ठिकाणाची नोंदही राहू शकते, हे ध्यानात ठेवावे.

चित्रे झाली की घड्याळे लगेच पेटीत कोंबू नयेत. पट्टे कोरड्या फडक्याने पुसून थोडा वेळ वाऱ्यावर राहू द्यावेत. पावसाळ्याचे दिवस असतील तर पेटीत ओल शोषणारी पुडी ठेवावी. बंद पडलेल्या घड्याळांना किल्ली देताना ती जड लागू लागताच थांबावे आणि मग काटे चालू वेळेवर आणावेत.