मावा नेमका कुठे अडतो?

करडईचा वाण माव्याला किती तोंड देतो हे पाहायची आपल्याकडची रीत जुनी आणि स्वस्त आहे. पेरणी मुद्दाम उशिरा करायची, म्हणजे मावा हमखास येतो. मग शेंड्याकडच्या काही सेंटीमीटरवरचे किडे मोजायचे, पाने किती वाळली ते पाहून झाडाला प्रत द्यायची आणि ज्यावर मावा कमी त्या वाणाला प्रतिकारक म्हणायचे. ही पद्धत वाईट नाही. शेतकऱ्याच्या डोळ्यांना जे दिसते तेच ती मोजते. पण ती निकाल सांगते, कारण सांगत नाही. मावा कमी दिसला तो झाडाने रोखला म्हणून, की लेडीबर्ड भुंगेऱ्यांनी फडशा पाडला म्हणून? आणि झाडानेच रोखला असेल तर कुठे: पानाच्या लवेवर, आतल्या पेशींत, की थेट रसवाहिनीत? हा शेवटचा प्रश्न प्रयोगशाळेतली चैन वाटेल. माझ्या मते वाणाची खरी किंमत त्याच्याच उत्तरावर ठरते.

अडचण अशी की माव्याचे सगळे काम पानाच्या आत चालते. तो पान कुरतडत नाही. सुईसारखी सोंड पेशींच्या मधल्या फटीतून सरकवत तो रसवाहिनीकडे निघतो आणि वाटेत जवळजवळ प्रत्येक पेशीला पाच-दहा सेकंद टोचून चव घेतो. मुक्कामाला पोहोचायला तासभर, कधी त्याहूनही जास्त लागतो. बाहेरून पाहणाऱ्याला एवढेच दिसते, की किडा पानावर स्वस्थ बसला आहे. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस येथे मॅक्लीन आणि किन्सी यांनी १९६४ मध्ये यावर तोड काढली: किडा आणि झाड दोघांनाही एकाच विद्युतमंडलात ओढायचे. पुढे नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेनच्या टॅलिंगी यांनी १९७८ मध्ये ते तंत्र असे सुधारले, की पेशीच्या आतला विद्युतदाबही नोंदला जाऊ लागला. सुमारे २० मायक्रॉन जाडीची, म्हणजे केसाहून कितीतरी बारीक सोन्याची तार चांदी मिसळलेल्या डिंकाच्या थेंबाने माव्याच्या पाठीवर चिकटवतात. दुसरी तार कुंडीतल्या ओल्या मातीत खोचतात. आसपासच्या विजेचा गोंगाट नको म्हणून हे सगळे तारेच्या जाळीच्या पिंजऱ्यात ठेवतात. सोंड पानात शिरली की मंडल पूर्ण होते आणि पडद्यावर रेघ हलू लागते. पेशीला टोचले की दाब झटकन खाली येतो, कारण पेशीचा आतला भाग बाहेरच्यापेक्षा ऋण असतो. सोंड मागे घेतली की रेघ पूर्वपदावर. रसवाहिनीत लाळ सोडतानाची लाट एक, रस पितानाची दुसरी, तहान लागून जलवाहिनीतून पाणी ओढतानाची तिसरीच. साधारण आठ तासांची नोंद घेतली की त्या किड्याचा दिवस कसा गेला हे वाचता येते.

या वाचनाने काय हाती लागते याचे माझ्या मते सर्वात स्वच्छ उदाहरण लेट्यूसचे आहे. लेट्यूसवरचा एक मावा थेट गड्ड्याच्या आत शिरून बसतो. तिथे फवारा पोहोचत नाही आणि गिऱ्हाइकाला आत किडे सापडले की माल परत येतो. डच पैदासकारांनी रानटी लेट्यूसमधला एक जनुक लागवडीच्या वाणात आणला आणि मावा जवळजवळ नाहीसा झाला. पण का? फान हेल्डेन आणि टॅलिंगी यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात त्या एका जनुकाखेरीज जवळपास सारख्याच असलेल्या दोन वाणांवर तारा लावलेले किडे बसवले. रसवाहिनीपर्यंतच्या वाटचालीत फार फरक पडला नाही. मावा दोन्हीकडे टोचत टोचत पुढे गेला. फरक पडला तो पोहोचल्यावर: प्रतिकारक वाणावर सलग रस पिणे जवळजवळ होतच नव्हते. म्हणजे मेण, लव, पेशीभित्तीची जाडी यांच्यावरचा संशय एका झटक्यात फिटला आणि शोध एका नळीपुरता उरला.

जागा कळल्याने शेतात काय बदलते, तर विषाणूचे गणित. काकडीवर्गीय पिकांवरच्या मोझॅकसारखे कितीतरी विषाणू माव्याच्या रस पिण्याची वाट पाहतच नाहीत. पहिल्या मिनिटातल्या त्या पाच-दहा सेकंदांच्या टोचण्यांतच ते आत-बाहेर करतात. मग ज्या वाणात मावा फक्त रसवाहिनीत अडतो, त्यावर तो उपाशी राहील, पण तोवर रोग देऊन बसेल. शिवाय चव आवडली नाही म्हणून झाडामागून झाड टोचत हिंडेल. मोजणीच्या वहीत मात्र या वाणाची नोंद ‘मावा नगण्य’ अशीच होणार. उलट खरबुजातला ‘व्हॅट’ नावाचा जनुक पाहा. तो कपाशीवरच्या माव्याला आवर घालतोच, शिवाय त्या माव्याने आणलेल्या विषाणूंचा प्रसारही रोखतो. तेच विषाणू दुसऱ्या जातीच्या माव्याने आणले तर मात्र तो काही करत नाही. दोन्ही वाण मोजणीत ‘प्रतिकारक’, पण बागायतदारासाठी दोन वेगळ्या गोष्टी.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: पाठीला तार बांधलेला किडा नैसर्गिक कसा वागेल? नाहीच वागत. तारेच्या लांबीपलीकडे त्याला जाता येत नाही आणि नको असलेले झाड सोडून निघून जाण्याची मुभा नसते. म्हणून मावा कोणते झाड निवडतो हे या नोंदीवरून ठरवणे चूकच. पण दोन्ही वाणांवरचे किडे सारखेच जखडलेले असतील, तर त्यांच्यातला फरक तारेच्या माथी मारता येणार नाही. दुसरा आक्षेप वेळेचा. एका किड्याला एक झाड आणि आठ तास, वर लाटा ओळखायला सरावलेला डोळा. अशाने शेकडो वाण चाळणार कधी? इथे त्याच वाखेनिंगेनमधून २०१५ मध्ये एक तडजोड पुढे आली. पानाच्या छोट्या चकत्यांवर किडे सोडायचे, वरून कॅमेरा लावायचा आणि कोण किती वेळ एका जागी थांबला हे संगणकाकडून मोजून घ्यायचे. कॅमेऱ्याला पानाच्या आतले दिसत नाही. लांब मुक्काम म्हणजे बहुधा रसपान, असा तो अंदाज बांधतो. चाळणीला एवढे पुरते. आधी कॅमेरा, उरलेल्या मूठभर वाणांना तार आणि शेवटी आपली जुनी शेतातली मोजणी, हाच क्रम मला शहाणपणाचा वाटतो. मोजणी मोडीत काढा असे कोणीच म्हणत नाही.

तिसरा आक्षेप सर्वात बोचरा. एवढे सगळे करूनही लेट्यूसचा तो प्रतिकार टिकला नाही. २००७ च्या सुमारास युरोपात त्याच माव्याचा नवा वंश दिसला आणि जनुक असलेल्या वाणांवर तो मजेत रस पिऊ लागला. मग आलेखांचा उपयोग काय झाला? आलेखाने टिकाऊपणाची हमी कधी दिलीच नव्हती. त्याने एवढेच दाखवले होते, की वाटेत कुठेही फारसा अडथळा नाही, सगळी मदार शेवटच्या एका टप्प्यावर आणि तिच्यामागे एकच जनुक. ही माहिती हाती असताना वर्षानुवर्षे मैलोन्मैल तोच एक जनुक पेरत राहणे हा निर्णय बाजाराचा होता. आता पैदासकार रानटी लेट्यूसच्या इतर नमुन्यांकडे वळले आहेत, आणि त्यांच्यापुढचा सवाल नवा नमुना मावा कमी करतो का एवढाच नाही. तो माव्याला रसवाहिनीच्या अलीकडे, पेशींच्या वाटेतच अडवतो का, हे त्यांना पाहायचे आहे. किडे मोजून ते कळत नाही.