थकवा रोजाचा की लोहाच्या कमतरतेचा?

रमजानमध्ये घरातले वडीलधारे दुपारीच गळून गेले, की ‘रोजा आहे, थकवा येणारच’ असे म्हणून विषय संपतो. नवरात्रात, एकादशीलाही हेच ऐकू येते. पण त्या व्यक्तीला हृदयविकार असेल, तर थकव्याचे खापर उपवासावर फोडून चालत नाही.

‘हार्ट फेल्युअर’ म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी होणे, असा त्याचा अर्थ. दम लागतो, पाय सुजतात, जिना जड वाटतो. अशा रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांच्या शरीरात लोहही कमी असते. भूक मंदावलेली असते, आतड्यांना सूज असते. शिवाय या आजारात हेप्सिडिन नावाचे द्रव्य वाढते आणि ते अन्नातले लोह रक्तात येऊ देत नाही. लोह हृदयाच्या स्नायूलाही लागते. म्हणून हिमोग्लोबिन ठीक असतानाही लोह कमी असू शकते.

त्यासाठी फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन या रक्ततपासण्या आहेत. हार्ट फेल्युअरमध्ये फेरिटिन 100 पेक्षा कमी, किंवा 100 ते 299 असून सॅच्युरेशन 20 टक्क्यांखाली असेल, तर डॉक्टर लोहाची कमतरता मानतात. ढाणकीकरांना मोठ्या उपचारांसाठी यवतमाळपेक्षा नांदेड जवळ पडते. तिथे हृदयाची तपासणी करायला जाताना या तपासण्यांबद्दलही विचारावे.

मेडिकलमधून लोहाच्या गोळ्या आणून भागत नाही. 2017 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा रुग्णांना गोळ्यांचा फायदा दिसला नाही. शिरेतून दिलेल्या लोहाने मात्र चालण्याची क्षमता सुधारल्याचे 2009 च्या फेअर-एचएफ अभ्यासात दिसले होते. हे उपचार दवाखान्यात, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे असतात. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. त्यांचे रक्त कमी होण्याचे कारण वेगळे असते, म्हणून आधी तपासणी आणि मगच लोह.

ताटाकडेही पाहावे. खजुराने रोजा सुटतो, पण तेवढ्याने रक्त भरून येत नाही. कलेजीतले लोह लवकर अंगी लागते. डाळ आणि पालेभाजीवर लिंबू पिळावे. चहा जेवणाबरोबर नको, तासाभराने घ्यावा. त्यातले टॅनिन लोह अडवते. भजी, लोणचे, पापड यांतले मीठ सूज वाढवते.

लघवी वाढवणारी गोळी रोजासाठी मनाने बंद करू नये. रोजा धरावा की नाही आणि औषधांच्या वेळा कशा बदलाव्यात, हे रमजानच्या आधीच डॉक्टरांना विचारावे. आजारी माणसाला कुरआननेच सवलत दिली आहे: राहिलेले रोजे बरे झाल्यावर, आणि ते शक्य नसेल तर फिदया. ती सवलत घेण्यात कमीपणा नाही. हे घरातल्या मोठ्यांना पटवायचे काम मात्र मुला-सुनांनाच करावे लागते.