डोनोरा गांवचे खेळाडू

आजोबांच्या लहानशा गांवीं गेलें कीं, ‘अमुक पहिलवान आपल्याच आळींतला’ असें कोणीतरी अभिमानानें सांगतेंच. अमेरिकेंत हा मान पुष्कळदां धंदेवाईक बेसबॉल खेळणारांना मिळतो. अशाच एका गांवाची हकीकत आज सांगावयाची आहे.

डोनोरा हें गांव पेन्सिल्व्हेनिया संस्थानांत, पिट्सबर्गच्या दक्षिणेस, मोनाँगहेला नदीच्या वळणावर वसलें आहे. पोलाद, तार आणि जस्त यांच्या कारखान्यांसाठीं तेथें युरोपांतून मजूर आले. त्यांपैकींच एका पोलिश मजुराचा मुलगा स्टॅन म्यूझिअल २१ नोव्हेंबर १९२० रोजीं जन्मला. सेंट लुईच्या कार्डिनल्स संघाकडून तो २२ हंगाम खेळला. चेंडू टोलवून फलंदाज पहिल्या थांब्यावर सुखरूप पोहोंचला, म्हणजे त्याच्या नांवें एक ‘हिट’ लागते. म्यूझिअलच्या अशा हिट्स ३,६३०. पैकीं १,८१५ स्वतःच्या मैदानावर, आणि बरोबर तितक्याच परक्या मैदानांवर!

शाळेच्या संघांत त्याच्याबरोबर बडी ग्रिफी नांवाचा कृष्णवर्णी मुलगा खेळे. परंतु वरिष्ठ संघांचीं दारें त्या काळीं कृष्णवर्णीयांना बंद होतीं. जॅकी रॉबिन्सननें तीं उघडलीं १९४७ सालीं. बडीला जें मिळालें नाहीं, तें त्याचा मुलगा केन यास मिळालें. सिनसिनाटीच्या संघांतून त्यानें १९७५ व १९७६ सालीं अजिंक्यपद अनुभवलें. नातू धाकटा केन याचाही जन्म डोनोराचाच, आणि तोही २१ नोव्हेंबरचा, साल १९६९! त्यानें ६३० ‘होमरन’ काढले. ३१ ऑगस्ट १९९० रोजीं हे पितापुत्र सिॲटलच्या एकाच संघांतून मैदानांत उतरले. वरिष्ठ बेसबॉलांत असें पूर्वीं कधींच घडलें नव्हतें.

या गांवाची दुसरी स्मृति मात्र दुःखाची आहे. १९४८ च्या ऑक्टोबरअखेर उबदार हवेचा थर खोऱ्यावर झांकणासारखा बसला. खालची थंड हवा हलेना, आणि जस्ताच्या कारखान्याचा विषारी धूर गांवांतच कोंडला. त्या दिवसांत २० माणसें दगावलीं, हजारों आजारी पडलीं. म्यूझिअलचा बाप याच गांवच्या कारखान्यांत राबलेला होता. देशांतील हवाशुद्धीच्या कायद्यांमागें या दुर्घटनेची प्रेरणा होती. जस्ताचा कारखाना १९५७ मध्यें बंद झाला. १९४८ सालीं सुमारें १४,००० असलेली वस्ति २०२० च्या शिरगणतींत पांच हजारांच्याही खालीं आली.

ज्या धुरानें गांवाला पोसलें, त्यानेंच माणसेंही नेलीं. आणि ज्यांच्या अंगीं गुण होते, त्या सर्वांनाच संधि लाभली असें नाहीं. तेव्हां डोनोराच्या विजयी वीरांची यादी वाचतांना बडी ग्रिफीचेंही नांव घ्यावें, आणि त्या वीस जणांनाही विसरूं नये. गांवाचा इतिहास त्या सर्वांचा मिळून झालेला आहे.