शस्त्रहतांची चतुर्दशी

भाद्रपद वद्य चतुर्दशीच्या रकान्यांत पंचांगकर्ते दरवर्षीं दोन शब्द छापतात: शस्त्रादिहत पितृश्राद्ध. मनुष्य कोणत्याहि तिथीस पडलेला असो, शस्त्रानें मेला असेल तर पितृपक्षांतील त्याचें श्राद्ध याच दिवशीं. आमच्या घरांत हे शब्द वाचले जातात आणि पान उलटलें जातें. आमच्या कुळांत भिक्षुक झाले, कारकून झाले, मास्तर तर पाहिजे तितके झाले. शस्त्रानें मात्र कोणी मेला नाहीं. बहुतेक वाचकांच्या घरचीहि हीच कथा असेल.

गेल्या खेपेस तें पान आम्हांस उलटवेना. त्याचें कारण सांगतों.

आम्हीं तीसांहून अधिक वर्षें शाळेंत संस्कृताबरोबर भूगोलहि शिकविला. इटलीच्या नकाशावर टायबर नदी किती वर्गांकडून रेखून घेतली असेल, याची गणती नाहीं. परंतु त्याच नदीच्या वरच्या खोऱ्यांत आपल्या कुलाबा, म्हणजे आतांच्या रायगड जिल्ह्यांतील एक बावीस वर्षांचा तरुण पडला, हें आम्हीं एकाहि मुलाला सांगितलें नाहीं. सांगणार कसें? आम्हांसच ठाऊक नव्हतें. निवृत्तीनंतर एका लग्नानिमित्त माणगांवास गेलों असतां तेथील पुतळा पाहून विचारणा केली, तेव्हां कळलें.

त्याचें नांव यशवंत घाडगे. माणगांव तालुक्यांतील पळसगांवीं १६ नोव्हेंबर १९२१ रोजीं त्याचा जन्म झाला. पांचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणींत तो नाईक होता. १० जुलै १९४४ रोजीं त्याची तुकडी शत्रूच्या ठाण्यावर चालून गेली, आणि अगदीं जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला. तुकडींतील सारे ठार किंवा जायबंदी झाले. उरला तो एकटा नाईक. तो मागें सरला असता तरी कोणीं नांवें ठेवलीं नसतीं. त्यानें सरळ त्या मशीनगनवरच धाव घेतली. हातबॉम्बनें ती गन व ती चालविणारा, दोघांनाहि गप्प केलें. आणखी एकास टॉमीगननें टिपलें. पुन्हां गोळ्या भरण्यास अवसर नव्हता. तेव्हां नळी हातांत धरून बंदुकीच्या दस्त्यानें उरलेल्या दोघांचा अंत केला. इतक्यांत दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्याच्या छातींत व पाठींत शिरल्या, आणि जिंकलेल्या ठाण्यांतच त्यानें प्राण सोडला. त्याचा व्हिक्टोरिया क्रॉस १९४५ सालीं व्हाइसरॉय वेव्हेल यांच्या हातून त्याच्या विधवा पत्नीनें घेतला.

परक्यांच्या राज्यासाठीं मेलेल्याची एवढी महती कशाला, असें म्हणणारे सुशिक्षित आम्हांस भेटले आहेत. तें युद्ध पळसगांवांत बसून ठरलेलें नव्हतें. त्याचा जाब बावीस वर्षांच्या नाइकाला विचारूं नये.

त्याचें अंतिम स्थान अज्ञातच राहिलें. कासिनो येथील स्मारकावर नांव तेवढें कोरलेलें आहे. इटलीच्या त्या मोहिमेंत ५,७८२ हिंदुस्थानी शिपाई पडले. २०२३ सालीं मोंतोने या गांवीं यशवंताच्या नांवानें एक छायायंत्र उभारण्यांत आलें. त्यावरील लॅटिन वाक्याचा अर्थ असा कीं, आपण सारे एकाच सूर्याखालीं आहों. त्यानें दस्त्यानें मारलेले ते दोघेहि त्यांत आलेच.

चतुर्दशीस आमचे वडील बंधु तर्पणास बसले, तेव्हां आम्हीं हा विषय काढला. शास्त्राची आडकाठी नसावी, असें आमचें मत. माघांतील भीष्माष्टमीस निपुत्रिक योद्ध्याला, तो आपल्या गोत्राचा नसतांहि, उदक देतातच.

दादांनीं विचारलें, "गोत्र ठाऊक आहे?"

"नाहीं, दादा. गांव ठाऊक आहे."

ते क्षणभर थांबले. मग तिळांची वाटी आमच्याकडे सरकवून म्हणाले, "तर मग गांवच सांग."