दारची मोटार आणि तिची निगा

ज्या घरीं पूर्वीं एक सायकल असली तरी ती घरची दौलत समजली जाई, त्या घरीं आज एक, आणि कोठें कोठें दोन मोटारी उभ्या दिसतात. मोटार घेतांना घरांतील लहानथोर सर्व माणसें उत्साहानें जमतात. रंग कोणता असावा याची चर्चा आठ आठ दिवस चालते. मुहूर्त पाहिला जातो, नारळ फुटतो, पेढे वांटले जातात. परंतु सहा महिने लोटले कीं त्याच मोटारीकडे कोणी वळून पाहात नाहीं. थोरले बंधु म्हणतात, "गाडी रोज धाकटाच नेतो." धाकटे म्हणतात, "गाडी दादांच्या नांवावर आहे." मुलें म्हणतात, "धुणारा माणूस येतो ना!" दोन घरचा पाहुणा जसा उपाशी राहतो, तशी एकत्र कुटुंबांतील ही मोटार सर्वांची असून कोणाचीच नसते.

प्रश्न केवळ शोभेचा असता तर आम्ही त्यासाठीं इतकीं पानें खर्चीं घातलीं नसतीं. राहतें घर सोडलें तर मोटार ही मध्यम स्थितींतील कुटुंबाची बहुधा सर्वांत महाग वस्तु होय, आणि ती विकतांना तिचें मोल पुष्कळसें तिच्या बाह्य स्थितीवर ठरतें. शिवाय मळलेली पुढची कांच रात्रीं समोरच्या दिव्यांच्या झोतांत एकदम पांढरी होते आणि रस्ता दिसेनासा होतो. तेथें प्रश्न शोभेचा नसून गाडींत बसलेल्या माणसांच्या जिवाचा असतो. तिसरी गोष्ट पाण्याची. ज्या महाराष्ट्रांत २०१६ सालीं लातूरकरांसाठीं मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें, तेथें मोटारीवर नळी मोकळी सोडून उभें राहणें सुशिक्षितांस शोभत नाहीं. पैसा, सुरक्षितता व पाणी या तिन्ही दृष्टींनीं हा विषय घरांतील प्रत्येकानें समजून घेण्याजोगा आहे.

रंग म्हणजे काय?

आरंभींच्या काळांत मोटारीस घोडागाडीप्रमाणें व्हार्निशचे हात द्यावे लागत आणि ते वाळण्यास आठवडेच्या आठवडे जात. १९२३-२४ च्या सुमारास अमेरिकेंत 'ड्यूको' नांवाचा त्वरित वाळणारा रंग निघाला व हें काम थोड्या वेळांत होऊं लागलें. आपल्याकडील रंगारी अजून 'ड्यूको मारणें' असें म्हणतात, तो शब्द तेथून आला. पुढें १९८० नंतर रंगावर एक स्वच्छ, पारदर्शक थर देण्याची पद्धति सर्वत्र रूढ झाली. आज आपल्या दारच्या मोटारीवर खालीं अस्तर, त्यावर रंग आणि सर्वांत वर हा पारदर्शक थर असतो. सारी चकाकी त्या वरच्या थराची. त्याची जाडी साधारणतः ४० ते ५० मायक्रॉन असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. म्हणजे हा थर सामान्यतः माणसाच्या केंसाहूनही पातळ असतो. तो एकदां झिजला कीं घरगुती उपायानें परत येत नाहीं. निगा राखावयाची ती मुख्यतः या पापुद्र्याची, हें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुढील सर्व नियम आपोआप सुचतात.

कोरडें फडकें हाच शत्रु

आमच्याकडे पहाटे मोटारीवर कोरडें किंवा अर्धवट ओलें फडकें फिरविण्याची जी चाल पडली आहे, ती अत्यंत हानिकारक आहे. रस्त्यावरच्या धुळींत गारगोटीचे बारीक कण असतात. ते कांचेहूनही कठीण. फडक्याखालीं सांपडलेले हे कण पारदर्शक थरावर रोज बारीक रेघा ओढतात. काळ्या वा गडद निळ्या गाडीकडे भर उन्हांत पाहावें, म्हणजे दिव्याभोंवतीं कोळ्याचें जाळें विणावें तशा गोल गोल रेघा दिसतील. त्या गाडीबरोबर आलेल्या नसतात. बहुतेक आपल्या फडक्यानेंच उमटलेल्या असतात. तेव्हां धुळीनें माखलेली गाडी दोन दिवस तशीच राहिली तरी चालेल, परंतु ती कोरडी पुसूं नये.

स्नानाचा क्रम

मोटार सावलींत व पत्रा थंड असतांना धुवावी. तापलेल्या पत्र्यावर साबण व पाणी तत्काळ वाळतें आणि डाग राहतात. बोअरचें पाणी जड असेल तर त्यांतील चुन्याचे पांढरे ठिपके कांचेवर व रंगावर पक्के बसतात. म्हणून अशा पाण्यानें धुतलेली गाडी आपोआप वाळूं न देतां लगेच टिपून घ्यावी.

साहित्य थोडेंच लागतें: दोन बादल्या, मोटारीसाठीं मिळणारा सौम्य शांपू, एक मऊ हातमोजा, आणि मायक्रोफायबरचीं चारपांच फडकीं. कपड्यांची पूड किंवा भांड्यांचा साबण वापरूं नये. चरबी काढणें हा त्याचा धर्म असल्यामुळें रंगावरील मेणाचा थरही तो काढून नेतो. एका बादलींत शांपूचें पाणी, दुसरींत नुसतें पाणी. मोजा शांपूंत बुडवावा, एक भाग धुवावा, मग नुसत्या पाण्यांत खळबळून धूळ तेथें सोडावी आणि नंतरच पुन्हां शांपूंत बुडवावा. एकच बादली वापरणारा मनुष्य गाडीवरून काढलेली धूळ पुन्हां गाडीवरच चोळीत असतो.

प्रथम चाकें धुवावींत व त्यांचें फडकें निराळें ठेवावें, कारण चाकांवर ब्रेकच्या झिजेंतून आलेली लोखंडी भुकटी असते. मग सर्व गाडीवर तांब्यानें वा झारीनें पाणी घालून सुटी धूळ वाहवून द्यावी. नंतर छपरापासून आरंभ करून खालीं यावें. दारांच्या खालच्या कडा सर्वांत मळकट, त्या शेवटीं घ्याव्या. हात गोल न फिरवितां सरळ फिरवावा, जोर देऊं नये. फडकें जमिनीवर पडलें तर तें धुतल्याखेरीज पुन्हां गाडीस लावूं नये. या एका नियमाविषयीं घरांत सोवळ्याइतकी कडक शिस्त असावी. शेवटीं मोठें मायक्रोफायबरचें फडकें पत्र्यावर अंथरून पाणी टिपावें. एवढ्या सर्व कामास सुमारें ४० ते ५० लिटर पाणी पुरतें. उलट नळी दहा मिनिटें मोकळी सोडली तर शंभर लिटरांहून अधिक पाणी सहज वाहून जातें. मायक्रोफायबरचीं फडकीं धुतांना कपडे मऊ करण्याचें द्रावण मात्र घालूं नये. त्यानें त्यांची शोषणशक्ति जाते.

कांहीं हट्टी डाग

पक्ष्यांची विष्ठा आम्लधर्मी असते व उन्हांत ती रंगास खाते. ती दिसेल त्याच दिवशीं काढावी. मात्र खरवडूं नये. ओलें फडकें पांच मिनिटें तिच्यावर ठेवून ती भिजूं द्यावी व अलगद उचलावी. मोहोराच्या दिवसांत आंब्याखालीं उभ्या केलेल्या गाडीवर चिकट थेंब पडतात. तो तुडतुड्यांनीं टाकलेला गोड रस होय. तोही कोमट पाण्यानें भिजवून काढावा. जांभळाखालीं गाडी उभी न करणें हाच त्या डागाचा उपाय.

दसऱ्याच्या पूजेविषयीं एक सूचना, आणि ती भगिनींनीं विशेष लक्षांत घ्यावी. हळद आणि तेलांत कालविलेलें कुंकू रंगाच्या पत्र्यावर लावण्यापेक्षां कांचेवर लावावें. तेथून तें सहज निघतें. पांढऱ्या गाडीवर हळदीची छटा महिनोन् महिने राहते. तीच हळद आंतील बैठकीवर सांडली तर क्षारयुक्त साबण लावतांच डाग लाल होतो. हळदीवर चुना पडला म्हणजे ती लाल होते हें वडील बायकांस ठाऊकच आहे. साबणाचा क्षारही तेंच करतो. अशा वेळीं कोरडी हळद प्रथम झटकावी, थंड पाण्यानें व सौम्य शांपूनें टिपावें, आणि राहिलेल्या पिवळेपणावर दार उघडून ऊन पडूं द्यावें. हळदीचा रंग उन्हांत उडतो.

मेण आणि पॉलिश यांतील भेद

हे दोन शब्द एकाच अर्थानें वापरले जातात, ही मोठीच गल्लत आहे. पॉलिश हें घासून वरचा थर किंचित् काढतें व त्यामुळें रेघा दिसेनाशा होतात. मेण थरावर नवें कवच चढवितें. म्हणून पॉलिश क्वचितच, आणि जाणत्या माणसाकडूनच करावें. मेण मात्र दर दोन महिन्यांनीं घरीं लावण्यास हरकत नाहीं. ब्राझील देशांत कार्नौबा नांवाचा ताड आहे, त्याच्या पानांवरचें मेण यासाठीं प्रसिद्ध आहे. धुऊन कोरड्या केलेल्या गाडीस तें अगदीं पातळ लावावें आणि वाळल्यावर स्वच्छ फडक्यानें पुसावें. त्यानंतर पाण्याचे थेंब मोत्यासारखे गोल उभे राहतात. ते पसरूं लागले म्हणजे मेण संपलें असें समजावें. हल्लीं सिरॅमिक लेपाची पुष्कळ जाहिरात होते. तो मेणाहून बराच अधिक टिकतो हें खरें. परंतु त्यामुळें रेघा मुळींच पडत नाहींत ही समजूत चुकीची आहे. लेप दिलेल्या गाडीसही कोरडें फडकें वर्ज्यच.

आंतील बाजू

आंत प्रथम कचरा काढावा, मग पुसावें. प्रवासांत मुलांनीं सांडलेला चिवडा आणि लाडवाचा चुरा बैठकीखालीं राहिला तर तो उंदरांना आमंत्रण देतो, आणि उंदीर खाऊ संपल्यावर तारा कुरतडतात. दूध सांडल्यास प्रथम थंड पाण्यानें टिपावें. गरम पाण्यानें दूध धाग्यांत बसतें व पुढें त्याचा वास येतो. बैठकीवर पाणी ओतूं नये, कारण तिच्या खालीं विजेच्या तारा असतात. वास आला तर अत्तरानें झांकण्यापूर्वीं त्याचें मूळ शोधावें.

पुढील फळीस चकचकीत तेलकट द्रव लावण्याची हौस सोडावी. तिचें प्रतिबिंब समोरच्या कांचेंत पडून दृष्टीस अडथळा होतो. तोच द्रव सुकाणूचक्रास किंवा पायांखालच्या पट्ट्यांस लागला तर हात वा पाय निसटून अपघात होण्याचा संभव असतो. तेथें किंचित् ओलें फडकें पुरेसें आहे. पुढची कांच आंतूनही पुसावी. आंत जमणारा धुरकट थर दिवसा दिसत नाहीं, रात्रीं मात्र फार त्रास देतो. कांचेचें फडकें निराळेंच असावें. मेणाचें फडकें कांचेला लागलें तर पावसांत वायपर फिरतांना सारी कांच पुसट होते.

पावसाळा आणि समुद्रकांठ

मृगापूर्वीं तीन गोष्टी पाहाव्या: वायपरचें रबर चिरलेलें नाहीं ना, पुढच्या कांचेच्या पायथ्याशीं पानें सांचून पाण्याची वाट बुजलेली नाहीं ना, आणि दारांच्या खालच्या कडेस जीं लहान भोकें असतात तीं मोकळीं आहेत ना. तीं बुजलीं तर पाणी दारांत सांचतें आणि पत्रा आंतून गंजतो. पायांखालचे गालिचे ओले राहूं देऊं नयेत. घर येण्यापूर्वीं पांच मिनिटें वातानुकूलनाची थंडी बंद करून नुसता पंखा चालूं ठेवावा, म्हणजे आंतील ओल वाळते आणि कुबट वास येत नाहीं. कोंकणांतून परत आल्यावर गाडीची खालची बाजू गोड्या पाण्यानें अवश्य धुवावी; खारी हवा व वाळू पत्रा खातात. खालून डिझेल फवारून घेण्याची जी जुनी चाल आहे ती टाळावी, कारण तेलानें रबराचे भाग फुगतात व कुजतात. इंजिनावर जोराचा फवारा मारूं नये, आणि विजेवरची गाडी भारित होत असतांना धुऊं नये.

हें कोणीं करावें?

येथवर वाचून कोणी म्हणतील, "आम्हांस एवढा वेळ कोठला?" पहाटे गाडी पुसणाऱ्या माणसास दोन तासांत वीसवीस गाड्या उरकावयाच्या असतात, आपण त्याला देतों काय? एक जुनी बादली आणि फाटक्या बनियनचा तुकडा. दोष त्याचा नाहीं. त्याला दोन बादल्या व चांगलीं फडकीं द्यावीं, रोजच्या कोरड्या पुसण्याऐवजी आठवड्यांतून दोनदां नीट धुण्यास सांगावें, आणि काम कमी झालें म्हणून वेतन कमी करूं नये. उलट काळजीच्या कामाचे चार पैसे अधिकच द्यावे. त्याचे श्रम वांचतील आणि गाडीचा रंगही वांचेल.

आणि महिन्यांतून एका रविवारीं हें काम घरच्यांनींच करावें. चालविणें सर्वांस हवें आणि धुणें दुसऱ्यानें, ही वृत्ति घरांत रुजूं देऊं नये. थोरल्यांनीं मेण लावावें, तरुण मुलामुलींनीं चाकें व छप्पर धुवावें, लहानांनीं आंतील कचरा काढावा. कोणी काय करावयाचें हें एका कागदावर लिहून गाडीच्या कप्प्यांत ठेवावें. वायपर केव्हां बदलले, मेण केव्हां लावलें, याची नोंदही त्याच कागदावर करावी. दोन तासांचें हें काम आहे. त्यानंतर गाडींत बसणारा प्रत्येकजण दार जरा हळू लावूं लागतो आणि चिवड्याची पिशवी घरीं नेऊन रिकामी करतो, असा पुष्कळ कुटुंबांचा अनुभव आहे. आमच्या वाचकांनीं येत्या रविवारीं तो घेऊन पाहावा.