पदकाच्या कडेवरील नाव : पहिल्या महायुद्धातील मराठा शिपायाचा शोध

प्रस्तावना

पहिल्या महायुद्धातील (१९१४-१९१८) सेनानींची चरित्रे व आठवणी विपुल आहेत; परंतु कोकणातून आणि सातारा-कोल्हापूरच्या परिसरातून पलटणीत भरती झालेल्या सामान्य शिपायाने स्वतःविषयी लिहून ठेवलेले फारसे आढळत नाही. पुष्कळदा त्याच्या लष्करी सेवेची घरात उरलेली एकमेव खूण म्हणजे जुन्या पेटीतील एखादे पदक. असे पदक इतिहासाचे साधन म्हणून कसे वाचावे आणि त्याच्या साक्षीला मर्यादा कोठे पडते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पदकाची साक्ष

या युद्धातील सेवेबद्दल प्रामुख्याने तीन पदके देण्यात आली : '१९१४-१५ स्टार', 'ब्रिटिश वॉर मेडल' आणि 'व्हिक्टरी मेडल'. ताऱ्याच्या पाठीवर आणि उरलेल्या दोन गोल पदकांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण रोमन लिपीत ठसविलेली असते. अभ्यासकाच्या दृष्टीने पदकाच्या दर्शनी बाजूवरील राजमुद्रेपेक्षा ही अरुंद कडच अधिक मोलाची ठरते.

पदकाचा धातूही बोलका असतो. 'ब्रिटिश वॉर मेडल' सामान्यतः चांदीचे होते. श्रमिक पथकांतील लोकांना मात्र तेच पदक कांस्याचे दिले गेले. तारा ५ ऑगस्ट १९१४ ते ३१ डिसेंबर १९१५ या काळात रणक्षेत्रावर दाखल झालेल्यांनाच मिळाला. म्हणजेच तारा असणे वा नसणे यावरून शिपाई समुद्रापार केव्हा गेला, याचा अंदाज बांधता येतो.

क्रमांकाबाबत मात्र सावधगिरी आवश्यक आहे. हे क्रमांक पलटणीनुसार दिले जात. त्यामुळे एकच क्रमांक अनेक पलटणींत आढळतो. शिंदे, मोरे, जाधव यांसारखी आडनावे सार्वत्रिक असल्याने नाव, क्रमांक व पलटण ही तिन्ही जुळल्याखेरीज ओळख निश्चित मानता येत नाही. शिवाय १९२२च्या पुनर्रचनेत पलटणींची नावे बदलली. ११७वी मराठा पलटण ही ५व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची ५वी बटालियन झाली. म्हणून शोध जुन्या व नव्या अशा दोन्ही नावांनी घ्यावा लागतो.

अनुमानाची मर्यादा

समजा, ११७व्या मराठा पलटणीचे नाव असलेला तारा हाती आला. ही पलटण सहाव्या, म्हणजेच पुणे डिव्हिजनमध्ये होती. नोव्हेंबर १९१५मधील टेसिफोनच्या लढाईनंतर हे डिव्हिजन कुट-अल-अमारा येथे वेढले गेले आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार सैनिकांसह त्याने शरणागती पत्करली. तथापि, तारा धारण करणारा शिपाई वेढ्यात होताच, असे यावरून सिद्ध होत नाही. तो टेसिफोनला जखमी होऊन आधीच मागे पाठविला गेला असेल किंवा पलटणीच्या मूळ ठाण्यावर परतला असेल. पलटणीचा इतिहास म्हणजे शिपायाचे चरित्र नव्हे. हताहतांच्या याद्या, युद्धस्मारक आयोगाच्या नोंदी, गावातील शिलालेख आणि कुटुंबातील आठवणी यांचा आधार मिळाल्यावरच 'शक्यता' ही 'घटना' ठरते.

स्मृतीतील विषमता

मृतांच्या वारसांना सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची कांस्य स्मृतिचकती देण्यात आली. बलिदानात उच्चनीच नसावे, या भूमिकेतून तिच्यावर हुद्द्याविना केवळ नाव कोरले जाई. बसरा येथील स्मारकाने हे तत्त्व पाळले नाही. मेसोपोटेमियात मृत्यू पावलेल्या ४० हजारांहून अधिक सैनिकांच्या या स्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. इतर भारतीय शिपायांची मात्र पलटणवार संख्याच नोंदविली गेली. राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाने २०२१च्या अहवालात अशा विषम वागणुकीची कबुली दिली. या पार्श्वभूमीवर घरातील चकती किंवा पदक हे त्या शिपायाचे नाव धातूवर उमटलेले कदाचित एकमेव स्थान असू शकते.

जतनाचा प्रश्न

चांदीचे पदक मोडीत जाणे ही नित्याची बाब आहे. १९८०च्या सुमारास चांदीचे भाव भडकले, तेव्हा अशी असंख्य पदके वितळविली गेली. संग्राहकांच्या बाजारात एकाच शिपायाची तीन पदके तीन हातांत जातात, तेव्हाही त्यांचा परस्परसंबंध तुटतो. मोड मौल्यवान राहते. माणूस मात्र हरवतो.

यावर महाविद्यालयीन स्तरावर सहज करता येण्याजोगा उपाय म्हणजे नोंदणी होय. पदके कुटुंबाकडेच ठेवून विद्यार्थ्यांनी कडेवरील मजकूर अक्षरशः उतरवावा, छायाचित्र घ्यावे, फीत व सोबतची कागदपत्रे वेगळी करू नयेत आणि कुटुंबातील माहिती सांगणाऱ्याच्या शब्दांत टिपावी. पदक घासून चकचकीत करू नये. त्यामुळे अक्षरे झिजतात. पहिल्या महायुद्धात ४६ सैनिक गमावलेल्या सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावासारख्या ठिकाणी अशा नोंदी स्मारकशिलेशी ताडून पाहता येतील.

निष्कर्ष

नावांकित पदक शिपायाची ओळख, त्याची पलटण आणि सेवेचा स्थूल काळ सांगते. त्याचे अनुभव सांगत नाही. परंतु ज्या नावाच्या जागी अधिकृत स्मारकावर केवळ आकडा आहे, त्या नावापर्यंत पोहोचण्याची पहिली पायरी पदकाच्या कडेवरच सापडते. ती झिजण्यापूर्वी वाचली जाणे अगत्याचे आहे.